एक वेढा जास्त

ताईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. चहाला अकरा मिनिटं, तोंड धुवायला चार, आणि बरोबर चारला टेबलाशी. सहाला तिथून उठायचं, डबे भरायचे, सातच्या भोंग्याला कारखान्यात. मधले दोन तास तिचे. त्या दोन तासांत ती साठ सूर उतरवायची. मी एकदा विचारलं, पासष्ट का नाही? म्हणाली, "पासष्टावा चुकतो."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. कारखाना ट्रान्सफॉर्मरचा. मी फिटर, ती वाइंडिंग विभागात. वाइंडिंग म्हणजे तांब्याची तार रिळावर गुंडाळायची. चाळीस वेढे सांगितले तर चाळीस. एकोणचाळीस झाले तर माल परत, एकेचाळीस झाले तरी परत. एकोणीस वर्षं तिने हे केलं आणि तपासणीच्या टेबलावरून तिचा माल किती वेळा परत आला ते मला माहीत आहे, कारण ती स्वतःच सांगायची. सहा वेळा. सहाही तारखा तिला पाठ.

स्वभाव मात्र बसून काम करणाऱ्या माणसाचा नव्हता. पायाला भिंगरी. जेवताना दोनदा उठणार, बोलता बोलता खिडकी उघडणार, वाक्य पुरं होईपर्यंत ती लावणार. हाताला मोजायचं काम असेल तेव्हाच पाय गप्प बसायचे. तिची सासू म्हणायची, "हिला झोपेतसुद्धा कुणीतरी हाका मारतं."

घरगुती कॉम्प्युटर पहिल्यांदा आले तेव्हाची ही गोष्ट. तेव्हाचं यंत्र म्हणजे एक जाडजूड कळफलक, सगळं त्याच्याच पोटात. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून आत घ्यायचा. त्याच्या विजेचा डबा फार तापायचा. आतला ट्रान्सफॉर्मर जळला की लोक तो ताईकडे आणून द्यायचे आणि ती घरी बसून नवी तार गुंडाळून द्यायची. सगळ्यांत जास्त डबे आणायचा तो एक चष्मेवाला. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत त्याची कंपनी होती. कंपनी म्हणजे तो, एक टंकलेखक आणि चार यंत्रं. शाळेतल्या मुलांसाठी पाढ्यांचे, स्पेलिंगचे प्रोग्रॅम तो बनवायचा.

एकदा तो डबा न्यायला आला तेव्हा ताई हाताने तार गुंडाळत होती आणि त्याच वेळी सासूशी भांडत होती. भांडण टॉवेल कुणी ओला ठेवला यावर होतं. चांगलं रंगलं होतं. शेवटचा टोला मारून ताईने तार कापली आणि म्हणाली, "दोनशे बारा."

चष्मेवाल्याने विचारलं, "तुम्ही मोजत होता?"

"मग काय भांडत होते?"

तो तसाच गेला आणि तासाभरात कागदांचा एक गठ्ठा घेऊन परत आला.

"बाई, तुम्हाला संगीत येतं का?"

"नाही."

"उत्तम. आधीच्या माणसाला येत होतं. दर चार ओळींनी म्हणायचा, इथे हा सूर शोभत नाही. शेवटी काम टाकून गेला."

काम असं होतं. दुसऱ्या शहरात एक संगीत मास्तर मोठ्या यंत्रावर चाली रचायचे. त्या यंत्राची फाइल आमच्याकडच्या छोट्या यंत्राला कळायची नाही. त्या फाइलची तबकडी, म्हणजे फ्लॉपीच, आत जायची नाही, तर कळणार कुठून? म्हणून चाल कागदावर छापून यायची. कडेला भोकं पाडलेला, घडीवर घडी घातलेला लांबच लांब कागद. एक ओळ म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. ओळीत तीन रकाने, कारण छोटं यंत्र एका वेळी तीनच सूर काढू शके. सूर सुरू होतो तिथे त्याचा आकडा, तो चालू असेपर्यंत पुढच्या ओळींवर नुसती टिंबं, आणि शांतता असेल तितक्या ओळींवर आडवी रेघ. प्रत्येक सूर किती ओळी चालतो ते मोजायचं, सुराचा आकडा आणि त्याची लांबी अशी जोडी वहीत लिहायची, मग त्या जोड्या छोट्या यंत्रात भरायच्या. जोड्या वाचून सूर काढणारा प्रोग्रॅम चष्मेवाल्याने आधीच लिहिला होता.

सांगायला सोपं आहे. अडीच मिनिटांच्या चालीला साडेसात हजार ओळी होतात आणि तीन रकान्यांसाठी त्या तीनदा मोजाव्या लागतात. मी तिला पत्र्याची एक पट्टी करून दिली होती, मधोमध खाच असलेली, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसेल. कानस मारायला दोन संध्याकाळी गेल्या. तिने ती आठवडाभर वापरली आणि परत दिली. म्हणाली, "चांगली आहे, पण हळू चालते." त्यानंतर ती विणकामाच्या सुईच्या टोकाने मोजायची.

पहिल्या दोन महिन्यांत तिने लहानसहान तुकडे केले. मुलाचं उत्तर बरोबर आलं की वाजायचा तो तुकडा, चुकलं की वाजायचा तो. पाच-सहा सेकंदांचे. एकही परत आला नाही. घरात टीव्हीतून दिवसभर टीं टीं चालायचं. सासू म्हणायची, "लोक कुत्री पाळतात, आम्ही रातकिडे पाळलेत."

मग कारखान्यात नोटीस लागली. आपोआप तार गुंडाळणारी यंत्रं येणार. वाइंडिंगच्या चाळीस बायकांपैकी बाराच राहणार. कोण राहणार ते महिनाअखेरीला. ज्या जातील त्यांनी कारखान्याचं घर तीन महिन्यांत मोकळं करायचं. ताईचं घर कारखान्याचं होतं, आणि ते तिच्या नोकरीवर मिळालेलं. भाऊजी ट्रक चालवायचे, पण मालक दुसऱ्याचा, आणि काम कधी असायचं कधी नसायचं. घर गेलं तर भाऊजींच्या थोरल्या भावाकडे जायचं, त्यांच्या मागच्या खोलीत. थोरल्या जाऊबाईंनी पत्रात लिहिलं होतं, "या, अवश्य या. खोलीत सध्या पोती आहेत, ती एका बाजूला करू."

ताईने ते पत्र उभ्याउभ्या वाचलं. "पोती एका बाजूला, आम्ही दुसऱ्या," म्हणाली. त्या दिवसापासून ती घरात बसलेली मला दिसली नाही. भांडी उभ्याने घासायची, चहा उभ्याने प्यायची. मी गेलो की मला बस म्हणायची आणि स्वतः दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची. सात पावलं जायला, सात यायला.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्याने मोठं काम आणलं. व्यायामाचा प्रोग्रॅम. पडद्यावर रेघांनी काढलेला काठ्यांचा एक माणूस हात वर करतो, खाली वाकतो, उडी मारतो, आणि शाळेतली मुलं समोर उभं राहून तसंच करतात. पाठीमागे अडीच मिनिटांची कूच, म्हणजे कवायतीची चाल, वाजते. माणूस आणि कूच एका तालावर चालायला हवेत.

"शाळांना सामान पुरवणारी मोठी कंपनी आहे," तो म्हणाला. "आजपासून तिसऱ्या शनिवारी त्यांना दाखवायचंय. पटलं तर असे बारा प्रोग्रॅम घेणार. बाराही चाली तुमच्याकडे. तीन प्रकारच्या यंत्रांसाठी प्रत्येकी वेगळ्या. दोन-तीन वर्षं तरी मान वर करायला मिळणार नाही तुम्हाला."

"आणि नाही पटलं तर?"

"तर मी पुन्हा पाढे विकेन."

"तुमचं नाही विचारलं. माझं काय?"

तो चष्मा पुसत बसला. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

दहा पहाटांत तिने सहाशे सूर उतरवले. वरच्या रकान्यात तीनशे, मधल्यात दोनशे, खालच्यात शंभर. रोजचे साठ. रविवारी सगळ्या जोड्या यंत्रात भरून झाल्या. भाऊजी घरी होते, मी गेलो होतो, सासू भिंतीला टेकून बसली होती. ताईने कळ दाबली.

पहिले दहा सेकंद छान वाजलं. सासूसुद्धा मान हलवायला लागली. पंधराव्या-विसाव्या सेकंदाला काहीतरी खुपायला लागलं. अर्ध्या मिनिटाला तिन्ही सूर उघड भांडत होते. शेवटी खालचा सूर आपलं काम आटोपून गप्प झाला, मग मधला, आणि वरचा एकटाच दोन सेकंद किरकिरत राहिला. काठ्यांचा माणूस कधीच व्यायाम संपवून हात बांधून उभा होता.

भाऊजी म्हणाले, "तिघं एकाच लग्नाला निघालेत, पण प्रत्येकाची गाडी वेगळी."

भाऊजींनी चप्पल घातली आणि पान आणायला म्हणून गेले. त्यांना पान खायची सवय नव्हती.

ताईने वही उघडली. "भरताना चुकलं असेल."

सोमवारी पहाटे तिने वरचा रकाना यंत्राशी ताडून पाहिला. चूक नाही. मंगळवारी मधला आणि खालचा. चूक नाही. बुधवारी वहीतले पहिले साठ सूर छापील कागदाशी ताडले. तेव्हाही जसं आधी मोजलं होतं तसंच मोजलं आणि तेच आकडे आले. मी विचारलं, चष्मेवाल्याच्याच प्रोग्रॅममध्ये काही नसेल ना?

"छोटे तुकडे बरोबर वाजत होते," ती म्हणाली. "प्रोग्रॅम तोच. दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं असेल तर आधी आपले हात धुतलेले हवेत."

"मग त्याला विचार तरी."

"काय विचारू? मोजता येतं म्हणून काम दिलंय, आणि आता मोजता येत नाही असं सांगू?"

तिची फेऱ्यांची सात पावलं आता साडेसहा झाली होती. पाय मोठे टाकायला लागली होती. सासू ओरडली, "अगं, फरशी झिजेल. घर सोडताना कारखाना तिचेही पैसे कापेल."

बुधवारीच ताईच्या हातून तार तुटली. ती सांगत नव्हती, पण शेजारच्या बाईने मला सांगितलं.

गुरुवारी नव्या यंत्राची चाचणी होती. दोन यंत्रं आली होती आणि यंत्र कंपनीचा मेकॅनिक आला होता. फोरमनने चाचणीला ताईला उभं केलं, कारण तिच्या हातचा माल परत येत नाही. फिटर म्हणून मी पाना घेऊन बाजूला होतो. सकाळी तिने चाळीस वेढ्यांची चाळीस रिळं काढली. यंत्र झपाट्याने चालत होतं, तिचे हात त्याच्यापुढे. अकरा वाजता तपासणीच्या टेबलावरून सगळी पेटी परत आली. चाळीसच्या चाळीस रिळांत एक वेढा कमी.

एकोणीस वर्षांत सहा, आणि एका सकाळी चाळीस. ताईचा चेहरा मी पाहिला नाही. मी पान्याकडे पाहत होतो.

फोरमन मेकॅनिकवर घसरला. "तुमचं यंत्र कमी मोजतं!"

मेकॅनिक शांत माणूस होता. म्हणाला, "बाई, एक रीळ लावून दाखवा. हळू."

ताईने रीळ लावलं, तारेचं टोक खाचेत घातलं आणि मोजणीचा आकडा फिरवून एकवर आणला.

"थांबा. एकवर का आणला?"

"आमच्याकडे अडकवण्याचा वेढा धरतात. तार अडकवायला पहिला वेढा हाताने मारावा लागतो, तो झाला एक. मग पुढे यंत्र."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? इथे सगळे असंच करतात. मी आले त्याच्या आधीपासून."

"जुन्या यंत्राला ते बरोबर होतं. हे यंत्र अडकवण्याचा वेढासुद्धा स्वतःच मारतं आणि स्वतःच मोजतं. तुम्ही तो आधीच धरलाय. म्हणजे जोडावरचा एक वेढा दोनदा मोजला जातो. शून्यावर ठेवा."

फोरमन हसायला लागला. "बघा, म्हणजे यंत्र शहाणं आणि आम्हीच अडाणी." आजूबाजूच्या बायकाही हसल्या. पेटी परत आली त्यात कुणाचा दोष नाही म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं.

ताई हसली नाही. तिने आकडा शून्यावर आणला, पण रीळ चालू केलं नाही. हात तसाच बटणावर. मग तिने अंगावरचा कामाचा निळा कोट काढला, घडी केली, यंत्रावर ठेवली आणि चालायला लागली. पाळी संपायला साडेतीन तास होते.

"ए बाई, कुठे?" फोरमन ओरडला. मग माझ्याकडे वळला. "तुझी बहीण कुठे चालली?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती मला सायकलींच्या शेडमध्ये सापडली. उभीच होती. माझ्या सायकलच्या चाकाच्या आऱ्या बोटाने मोजत होती.

"सूर सुरू होतो ती ओळ मी एक धरते," म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "अडकवण्याचा वेढा. मग पुढचा सूर जिथे लागतो त्या ओळीवर बोट ठेवेपर्यंत मोजते. मग त्याच ओळीला पुन्हा एक म्हणून पुढचा सूर सुरू."

"बरं."

"बरं काय? जोडावरची ओळ दोनदा. प्रत्येक सूर एका ओळीने लांब. वरच्या रकान्यात तीनशे सूर, म्हणजे तीनशे ओळी जास्त. खालच्यात शंभर, म्हणजे शंभरच जास्त. ज्याचे सूर जास्त तो जास्त मागे पडणार. छोट्या तुकड्यांत आठ-दहा सूर असतात, तिथे कोण ओळखतंय?"

"म्हणजे बुधवारी कागदाशी ताडून पाहिलंस तेव्हा..."

"पुन्हा तशीच चुकले. चुकीची पट्टी घेऊन शंभरदा मोजलं तरी काय होणार?"

मी म्हणालो, चूक सापडली ना, मग झालं. ती म्हणाली, "सहाशे आकडे आहेत. शनिवारी सकाळी दहाला दाखवायचंय." आणि निघाली. मी म्हणालो, आत ये, फोरमन बोंबलतोय. तिने नकारार्थी मान हलवली. एकोणीस वर्षांत पाळी अर्धी टाकून ती पहिल्यांदा गेटबाहेर पडली. रखवालदाराला पास दाखवायचीही थांबली नाही.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती एकेक आकडा खोडून एक कमी करत होती. वहीत दोनशे झाले होते. पण वहीत झालं म्हणजे यंत्रात झालं नव्हतं. यंत्रात भरायला तिला रविवारचा पूर्ण दिवस लागला होता, आणि शुक्रवारी कारखाना होता. उद्या पुन्हा गेली नाही तर यादीतून नाव गेलंच समजायचं.

"चष्मेवाल्याला सांग," मी म्हणालो. "त्याच्याकडे काहीतरी युक्ती असेल."

"नको."

"का?"

"एकदा सांगितलं की जन्मभर तो माझं प्रत्येक काम पुन्हा मोजून बघेल."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. शनिवारी सगळ्यांसमोर वाजलं की लपणार आहे का?"

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी मध्ये नाही, कोपऱ्यात आहे. त्या जाऊबाईंच्या खोलीत गेल्यावर कोपराही मिळायचा नाही. तिथे पोती आहेत."

ताईने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. तीन आकडे दुरुस्त केले. मग उठली, वही काखेत मारली आणि मला म्हणाली, "चल."

लॉन्ड्रीच्या बाजूने वर जाणारा जिना बावीस पायऱ्यांचा. ती अर्ध्यावर गेली आणि खाली आली. पुन्हा अर्ध्यावर गेली आणि खाली आली. खाली इस्त्री करणारा माणूस हात थांबवून बघत होता. "बाई, वर आहेत ते, आहेत," असं त्याने तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला ती न थांबता वर गेली. मी मागे.

चष्मेवाला जेवणाचा डबा उघडून बसला होता. ताईने बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. अडकवण्याचा वेढा, जोडावरची ओळ, तीनशे आणि शंभर. काही राखून ठेवलं नाही. छोट्या तुकड्यांतही तीच चूक आहे आणि ते विकले गेले आहेत, हेसुद्धा सांगितलं. ते त्याने विचारलंही नव्हतं.

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"एवढंच?"

"सहाशे आकडे आहेत."

"आकड्यांना कशाला हात लावता? वाजवताना प्रोग्रॅमच प्रत्येक लांबीतून एक वजा करेल. एक ओळ लिहायची." आणि त्याने खरंच यंत्राशी बसून एक ओळ लिहिली. मिनिटही लागलं नाही.

दहा पहाटा, तीन दिवसांची ताडणी, वहीतले दोनशे आकडे. आणि याचं एक मिनिट. मला त्या माणसाचा राग आला. यायला नको होता, पण आला.

त्याने कूच लावली. चाळीस सेकंद बरोबर गेले. मग पुन्हा पाय अडखळला. फार नाही, पण अडखळला.

चष्मेवाला म्हणाला, "आता काय?"

ताई टेबलाकडे पाठ करून उभी होती. हात मागे, बोटं चालू. वाजणं संपेपर्यंत वळली नाही.

"तुम्ही शांततेतूनही एक कमी केलात," ती म्हणाली.

"हो. सगळ्याच लांब्यांतून."

"शांतता मी बरोबर मोजली आहे. तिथे प्रत्येक ओळीवर रेघ आहे. रेघा मोजायच्या आणि लिहायच्या. तिथे काही अडकवायचं नसतं, म्हणून तिथे चुकले नाही. शांततेला हात लावू नका. सूर असेल तिथेच एक वजा करा."

"किती जागा आहेत अशा?"

"त्रेचाळीस. वरच्या रकान्यात एकतीस, मधल्यात आठ, खालच्यात चार. पहिली चाळिसाव्या सेकंदाच्या जरा आधी. तिथेच अडखळलं ना?"

त्याने छापील कागद ओढला. त्याला खात्री करायची होती. दहा-बारा पानं उलटली, मग थांबला आणि कागद परत ठेवला. ओळीत दोन शब्द वाढवले. कूच पुन्हा लावली. काठ्यांच्या माणसाने हात वर केले, वाकला, उडी मारली, आणि अडीच मिनिटांनी ज्या क्षणी त्याने हात बांधले त्याच क्षणी तिन्ही सूर थांबले. खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "पुन्हा लावा की!"

चष्मेवाला म्हणाला, "इथून पुढे तुमचं काम मी तपासणार नाही."

"तपासा," ताई म्हणाली. "मीही तपासेन. पण दोघांनी वेगवेगळ्या तऱ्हेने."

शनिवारी कारखान्याला सुट्टी होती; ताई, मी आणि चष्मेवाला, तिघं त्या कंपनीत गेलो. आत तो एकटा गेला. ताईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, ती बसली नाही. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली. शिपायाने विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" बंद दारातून कूच ऐकू आली. एकदा, मग पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आत बूट आपटल्याचे आवाज येत होते. त्यांचा कुणीतरी साहेब काठ्यांच्या माणसाबरोबर उड्या मारत असणार. ताईने चालणं थांबवलं नाही, पण तिची पावलं कूचीवर पडायला लागली होती. तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

बारा नाही, आठ घेतले त्यांनी. चष्मेवाला आठ बोटं दाखवतच बाहेर आला.

महिनाअखेरीला यादी लागली. बारांत ताईचं नाव नव्हतं. फोरमनने कारण दिलं, पाळी अर्धी टाकून गेली, परवानगी नाही. मी त्याच्याशी भांडलो. त्याने मेकॅनिकसमोर मान खाली गेल्याचा राग काढला होता, असं मला आजही वाटतं. ताई भांडली नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या बायकांना एकेकीला नव्या यंत्रावर नेऊन तिने आकडा शून्यावर ठेवायला शिकवलं. पाळीचा शेवटचा भोंगा झाल्यावरच निघाली. या वेळी रखवालदाराला पास दाखवला आणि परत केला.

घर तीन महिन्यांत मोकळं केलं. जाऊबाईंकडे गेले नाहीत. दवाखान्याच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आणि त्या खोलीत आठ चाली तीन-तीन यंत्रांसाठी उतरवल्या. प्रत्येक यंत्राची वेगळी खोड. एकाचा सेकंद पन्नास भागांचा, दुसऱ्याचा साठ भागांचा. तिसऱ्याला तीन सूर काढताच येत नसत, तिथे कुठला सूर गाळायचा ते तिला ठरवावं लागे. संगीत येत नव्हतं, पण गाळलेला सूर कुणाला कळला नाही. पुढे काम वाढलं तेव्हा यादीत नाव नसलेल्या दोन बायका तिने हाताखाली घेतल्या. पहिल्या दिवशी दोघींनाही तिने एकच कागद मोजायला दिला, आणि दोघींनी जोडावरची ओळ दोनदा मोजली. ती म्हणाली, "आता सांगते, कुठे चुकलात."

सात वर्षं हे चाललं. मग अशी यंत्रं आली जी आवाज आहे तसा साठवून वाजवायची. मोजायला काही राहिलं नाही. चष्मेवाल्याने लॉन्ड्रीच्या वरच्या खोल्या सोडल्या. ताईचं काम एका महिन्यात थांबलं. तिने तक्रार केली नाही. पहाटे पावणेचारला जाग येत राहिली, एवढंच.

पण तोवर स्वतःचं घर झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आत स्वयंपाकाचा ओटा, आत न्हाणीघर, रस्त्याकडे एक खिडकी आणि मागे एक. भाड्याच्या नाहीत, कारखान्याच्या नाहीत. कागदावर मालक म्हणून तिचं एकटीचं नाव आहे. भाऊजींनीच तसं लिहायला लावलं. दोन्ही खिडक्यांचे गज मी बसवले. चार रविवार लागले.